सकाळी सातला वारा नसतो : उन्हाळी सेलिंग शिबिराचा अनुभव

सेलिंगचं शिबिर कसं होतं, असं सोसायटीच्या ग्रुपवर चौघांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मुक्ता, माझी नात, वय अकरा, या मे महिन्यात दहा दिवस शिडाची होडी चालवायला शिकली. इगतपुरी तालुक्यात धरणांना तोटा नाही, त्यातल्याच एका धरणाच्या फुगवट्यावर हा छोटा क्लब आहे. नाव इथे लिहीत नाही. त्यांच्याकडे लहान मुलांच्या होड्या आठच आहेत आणि पुढे मी तक्रारीही करणार आहे. ज्याला खरंच मूल पाठवायचंय त्याने मला जिन्यात गाठावं.

फी सात हजार, नाश्ता धरून. नाशिकहून मुंबई हायवेने वाडीवऱ्हे ओलांडून पुढे आत वळायचं, तासभर लागतो. शेवटचे दोन किलोमीटर खडी आहे.

मी ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा जोडणारा, होतो. आधी मिग, शेवटी सुखोई. त्यामुळे कुठेही गेलो तरी माझी नजर आधी नटबोल्टवर जाते, मग माणसांवर. तसंच हे परीक्षण वाचा.

आधी होडीबद्दल. हिला ऑप्टिमिस्ट म्हणतात, मुलं म्हणतात ऑप्टी. १९४७ साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स नावाच्या होडी बांधणाऱ्याने ती आखली, चार बाय आठ फुटांच्या दोन प्लायमध्ये बसेल अशी, म्हणजे कुणाही बापाला घरी ठोकता यावी. आता फायबरची येते. लांबी २.३ मीटर, नुसतं खोकं ३५ किलो, शीड साडेतीन चौरस मीटरच्या आतच. पंधरा वर्षांपर्यंतची मुलं चालवतात. नाक पुढे निमुळतं नाही, कापल्यासारखं चपटं. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला गुरांना पाणी पाजायची डोण वाटली. मुक्ताला सांगितलं तर ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

पहिल्याच दिवशी सर ओरडले, "शीट ओढ, शीट!" माझा सगळा जन्म शीट मेटलमध्ये गेला. शीट म्हणजे पत्रा. इथे शीट म्हणजे दोरी. शिडाला बांधलेली, ओढली की शीड आत येतं, सैल सोडली की बाहेर जातं. कापड ते शीड आणि दोरी ती शीट, हे डोक्यात बसायला मला तीन दिवस लागले. मुलांना तीन मिनिटं.

पण शीड उभं राहिलं आणि मला तिथलं काही परकं वाटेना. तो उभा केलेला पंखच आहे. पंख हवेत ठरावीक कोनात धरला तर उचल मिळते. कोन जास्त झाला की हवा पंखाला सोडून देते, त्याला आम्ही स्टॉल म्हणायचो. शिडाचं तंतोतंत तेच. एका शिडाला दोन्ही अंगांनी लोकरीचे धागे चिकटवलेले होते. दोन्हीकडचे सरळ मागे वाहिले की कोन बरोबर, एका बाजूचा फडफडला की चूक. होडीच्या पोटातून खाली एक फळी घालतात, डॅगरबोर्ड. ती होडीला आडवं घसरू देत नाही, म्हणून शिडाची ओढ पुढे कामी येते. तरीही वाऱ्याच्या थेट तोंडावर होडी जात नाही. साधारण ४५ अंश तिरपं जायचं, वळायचं, पुन्हा दुसरीकडे तिरपं. कसारा घाट सरळ चढता येत नाही, तसंच.

आता मुख्य तक्रार. शिबिराची वेळ सकाळी सात ते दहा. साडेपाचला घर सोडायचं, पोहोचायचं, मुलं जॅकेट घालून होडीत बसणार, आणि पाण्यावर सुरकुतीसुद्धा नाही. शिडं ओल्या टॉवेलसारखी लोंबतायत. पहिले चार दिवस मी घड्याळ लावून पाहिलं. पहिली झुळूक साडेनऊच्या आसपास यायची आणि दहाला शिट्टी वाजायची. आपल्याकडे उन्हाळ्यात वारा कधी सुटतो हे गच्चीवर पापड वाळत घालणारी कुठलीही बाई सांगेल. बारानंतर पश्चिमेकडून सुरू होतो आणि चार-पाचला धुळीसकट येतो. तीन ते सहा ही खरी वेळ. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "पालकांना ऑफिस असतं, काका, आणि दुपारचं ऊन." उन्हाचं पटतं, चाळीसच्या वर पारा जातो. ऑफिसचं नाही पटत. विमान उडवायला आम्ही वारा बघायचो, साहेबाची लोकल नाही.

बिनवाऱ्याच्या तासांत मुलं काय करतात? होडी डुलवतात. अंग इकडून तिकडे हलवलं की शीड हवा ढकलतं आणि होडी थोडी सरकते. शर्यतीत याला बंदी आहे, होडी वाऱ्यानेच चालली पाहिजे असा नियमच आहे. सर सरावातही करू देत नाहीत. एक बाबा काठावरून "हाताने मार, हाताने!" म्हणून ओरडत होते. दुसरे विचारत होते, "हे म्हणजे आपल्या दत्तू भोकनळसारखं ना?" मी सांगितलं, नाही. चांदवडकडच्या तळेगाव रोहीचा तो मुलगा २०१६ ला रिओ ऑलिम्पिकपर्यंत गेला आणि २०१८ च्या एशियाडमध्ये चौघांच्या होडीत सुवर्ण घेऊन आला, पण ते रोइंग. रोइंगवाला वल्ही मारतो आणि जायचं तिकडे पाठ करून बसतो. इथे वल्हं नाही. इथलं नाव घ्यायचं तर चेन्नईच्या नेत्रा कुमननचं घ्या, सेलिंगमध्ये ऑलिम्पिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला. त्या बाबांनी लगेच फोनवर शोधलं आणि मुलीला दाखवलं. मुलगी म्हणाली, "बाबा, मला माहितीये."

सुरक्षेत क्लब पक्का आहे, हे मनापासून लिहितो. आमच्याकडे हँगरमध्ये पाळी संपली की हत्यारं मोजायची. एक पाना कमी भरला तर विमान जागचं हलत नसे. इथे शेडच्या दारावर लाकडी फळा आहे, खिळ्यांवर पत्र्याचे नंबर टांगलेले. पाण्यात जाताना प्रत्येकाने आपला नंबर लाल बाजूने उलटा करायचा, आलं की पांढरा. सहाव्या दिवशी सगळी मुलं नाश्त्याला बसली आणि बारा नंबर लालच. पोहे तसेच टाकून सर पळाले, मोटरबोट सुटली, दोन मदतनीस काठाने धावले. बारा नंबरवाला शेडच्या मागे करवंदं विकणाऱ्या आजीच्या टोपलीपाशी उकिडवा बसला होता, तोंड जांभळं. सरांनी त्याला एक शब्द बोलला नाही, फक्त फळ्यापाशी नेऊन नंबर त्याच्या हातून उलटवला. बाकीच्यांचे पोहे गार झाले होते, कुणी कुरकुरलं नाही.

शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी होडी मुद्दाम उलटवायला लावतात. मुक्ताची आई तिथे असती तर गाडी फिरवून परत आली असती. होडी आडवी पडली की पोहत मागून जायचं, डॅगरबोर्डवर लोंबकळायचं, वजनाने होडी सरळ होते, मग आत चढून डब्याने पाणी उपसायचं. डबा म्हणजे तेलाचा पाच लिटरचा कॅन तिरपा कापलेला, होडीला दोरीने बांधलेला. आत हवेच्या तीन पिशव्या असतात, त्यांच्यामुळे होडी पाण्याने भरली तरी बुडत नाही. मी आठही होड्यांच्या पिशव्या अंगठ्याने दाबून पाहिल्या. एक मऊ लागली. सांगितलं, दहा मिनिटांत बदलली. कुणी "काका, तुम्ही बसा" म्हणालं नाही, याचे गुण वेगळे.

लाइफ जॅकेट मात्र कच्चं. जॅकेट आहेत भरपूर, पण लहान मापाच्या सहांमध्ये मांड्यांमधून जाणारा पट्टा चारांनाच होता. तो नसला तर मूल पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकून कानांशी येतं आणि मूल आत लोंबतं. मुक्ताचं तसंच झालं, नाकातोंडात पाणी गेलं. मी शालिमारजवळच्या चप्पल शिवणाऱ्याकडून नायलॉनचे पट्टे शिवून आणले, दोन्ही जॅकेटना, साठ रुपये लागले. साठ रुपयांचं काम क्लबने आधी करायला हवं होतं. मुलींना कपडे बदलायला एकच पत्र्याची खोली, तीही मे महिन्यात, आणि कडी आतून लागत नाही. इथे मी मोठ्याने बोललो. आठव्या दिवशी कडी लागली. खोली एकच राहिली.

शेवटचे दोन दिवस शर्यती, आणि सुदैवाने त्या दुपारी ठेवल्या होत्या. म्हणजे वाऱ्याचं गणित त्यांनाही माहीत आहे! तीन वाजता पाण्यावर काळे पट्टे सरकायला लागले. पट्टा म्हणजे झुळूक येतेय. सर मुलांना तोच बघायला शिकवतात, शीड नव्हे.

सुरुवात मला फार आवडली. रेघ नाही, बंदूक नाही. एक बोट आणि एक तरंगता पिंप, त्यांच्यामधली कल्पनेतली रेघ. पाच मिनिटं आधी एक झेंडा वर, चार मिनिटं आधी दुसरा, निळ्यात पांढरा चौकोन. एक मिनिट उरलं की तो खाली, आणि पहिला खाली आला की सुटायचं. होडीला ब्रेक नाही, त्यामुळे आठही पोरं रेघेमागे घिरट्या घालत मोजत असतात. दुसऱ्या शर्यतीला हॉर्न बिघडला. मला वाटलं, थांबवणार. सर म्हणाले, झेंडा खरा, आवाज नुसता सोबतीला.

वाटेचा हक्क असा : ज्याला उजवीकडून वारा लागतोय त्याला आधी वाट. तो "स्टारबोर्ड!" ओरडतो आणि डावीकडून वारा घेणारा बाजूला होतो. आठ-दहा वर्षांची पोरं हे पाळतात. द्वारका चौकात मी चाळीस वर्षं गाडी चालवतोय, तिथे ज्याचा हॉर्न मोठा त्याचा स्टारबोर्ड.

तिसऱ्या शर्यतीत मुक्ता चौथी होती. वरच्या खुणेपाशी, म्हणजे वाऱ्याकडच्या तरंगत्या पिंपापाशी, वळताना तिच्या शिडाची आडवी काठी पिंपाला घासली. पुढे जायचं सोडून ती जागेवर गोल फिरायला लागली. मला वाटलं, हातातून सुकाणू सुटलं. मी काठावरून जीव खाऊन ओरडलो, "डावीकडे! शीट सोड!" सर मोटरबोटीतून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "काका, खुणेला लागलं की एक गिरकी घ्यायची असते. ती घेतेय. आणि काठावरून शिकवणं ही बाहेरची मदत झाली, नियमात नाही." मी खाली बसलो. "हाताने मार" ओरडणाऱ्या त्या बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस.

गुणही उलटे. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, ज्याची बेरीज कमी तो जिंकला. सहा शर्यती, त्यातली सर्वांत वाईट वजा. मुक्ताची बेरीज बावीस. घरी आल्यावर तिच्या आजीने शेजारी सांगितलं, "बावीस गुण मिळाले," आणि शेजारच्यांनी विचारलं, "कितीपैकी?"

एक गोष्ट क्लबच्या हातात नाही, पण त्यांनी मनावर घ्यावी. मेअखेर पाणी उतरतं आणि जुनी जमीन वर यायला लागते. पाचव्या शर्यतीत पुढच्या तिन्ही होड्या एकदम थांबल्या. डॅगरबोर्ड कशात तरी रुतले होते. जाळी सावरत काठावर बसलेला एक म्हातारा हसला. म्हणाला, "त्यो आमच्या आज्याचा बांध हाय. तिकडं भात व्हायचा." त्याने मग बोटाने सगळं शेत दाखवलं. विहीर कुठे, आंब्याचं खोड कुठे, मारुतीचा पार कुठे. सरांनी वही काढून लिहून घेतलं आणि सहाव्या शर्यतीला खूण शंभर मीटर आत नेली. त्या म्हाताऱ्याला दरवर्षी शिबिराच्या पहिल्या दिवशी बोलवावं आणि त्याला दिवसाची मजुरी द्यावी, असं मी लेखी कळवलंय.

जाणाऱ्यांनी बरोबर न्या : लांब बाह्यांचा टीशर्ट, हनुवटीखाली दोरी असलेली टोपी, जुने बूट (काठाला घोटाभर चिखल असतो, चप्पल तिथेच राहते), आणि दोरी ओढून तळहात सोलतात त्याला खोबरेल. पोहे चांगले असतात, चहा पाणचट. पोहता येणं सक्तीचं आहे, खोटं सांगू नका, पहिल्या दिवशी पन्नास मीटर पोहून दाखवायला लावतात.

पाचपैकी साडेतीन. अर्धा कपडे बदलायच्या खोलीचा गेला, एक सकाळच्या वेळेचा.

परवा सरांचा फोन आला होता. पावसाळ्याआधी सगळी जॅकेट आणि जोडसामान एकदा तपासून द्याल का, म्हणाले. येतो म्हटलं, पण तीननंतर.