सुपरसेट की सर्किट? पाऊण तासात पूर्ण शरीराचा व्यायाम

नाशिकमधील सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातून सुटून सायंकाळी सातच्या सुमारास जिममध्ये पोहोचणाऱ्या माणसाला पाऊण तासात छाती, पाठ, खांदे आणि पाय असे सारेच करायचे असेल, तर प्रत्येक सेटनंतर दोन-तीन मिनिटे बसून राहणे परवडत नाही. अशा वेळी दोन मार्ग समोर असतात. एक म्हणजे दोनच व्यायामांची जोडी लावून ते आलटून-पालटून करण्याचा, म्हणजे सुपरसेट. दुसरा पाच-सहा व्यायाम सलग करून मगच दम खाण्याचा, म्हणजे सर्किट. आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस दोन्हींनी पूर्ण होते.

सर्किटचे गुण नाकारता येणार नाहीत. त्यात घाम लवकर येतो, हृदयाला आणि फुप्फुसांनाही काम मिळते, आणि वजन कमी करू पाहणाऱ्यांना ते अधिक आवडते. मात्र ही पद्धत १९५३ मध्ये इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात आकाराला आली, ती सभागृहात ठरावीक जागा मांडून सर्वांनी एकाच क्रमाने पुढे सरकायचे, या व्यवस्थेवर. आपल्याकडे कॉलेज रोड किंवा इंदिरानगरच्या जिममध्ये सायंकाळी ती व्यवस्था कोठून असणार? बेंचवरून उठून पुलडाउन (वरची दांडी खाली ओढण्याचे यंत्र), तेथून स्क्वॉटच्या (वजन घेऊन काढायच्या बैठकांच्या) रॅककडे जावे, आणि फेरी संपवून परतावे, तर बेंचवर दुसरे कोणी बसलेले असते. त्यात त्या माणसाची काहीच चूक नसते. पाच जागा एकट्याने अडवणे हेच मुळात रास्त नाही. पण साखळी तुटते, अंग थंड पडते, आणि वाचवायला निघालेला वेळ वाट पाहण्यात जातो. सुपरसेटचा माझा निर्णय मुख्यतः या एका त्रासाने झाला.

सुपरसेटला एक बेंच आणि डंबेलची एक जोडी पुरते. आडवे होऊन डंबेल प्रेस करावा, लगेच त्याच बेंचवर एक हात टेकवून दुसऱ्या हाताने रोइंग करावे, म्हणजे डंबेल कमरेकडे ओढावे, बाजू बदलावी आणि मग मिनिटभर थांबावे. पाठ काम करत असताना छातीला विसावा मिळतो, त्यामुळे पुढच्या सेटला वजन फारसे उतरवावे लागत नाही. सर्किटमध्ये माझा अनुभव उलट होता: शेवटच्या स्क्वॉटपर्यंत पाय थकण्याआधी श्वासच संपत असे. इतरांचा अनुभव कदाचित वेगळा असेल.

जोडी मात्र विचारपूर्वक निवडावी लागते. डेडलिफ्टनंतर (जमिनीवरून वजन उचलण्याच्या व्यायामानंतर) लगेच बारबेल, म्हणजे लांब दांडीचे वजन घेऊन रोइंग केल्यास पकड आणि कंबर दोन्ही वेळेआधी थकतात. त्यापेक्षा छातीपाशी डंबेल धरून केलेला स्क्वॉट आणि शोल्डर प्रेस अधिक सुसह्य जातात. दोन्ही व्यायामांची ढब पक्की झाल्याशिवाय नवख्याने ते जोडू नयेत, आणि रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी कोणतीही पद्धत डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी.

सकाळी गोल्फ क्लब मैदानावर किंवा घराच्या गच्चीवर केवळ जोर, बैठका आणि लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणे) करणार असाल, तर सर्किट खुशाल घ्यावे. तेथे तुमची जागा कोणी घेत नाही. सायंकाळच्या जिमसाठी विचाराल, तर मी सुपरसेटच सुचवीन.