एक्झिम बँकेची लाइन ऑफ क्रेडिट: जळगावच्या कारखानदाराचा अनुभव

जळगाव एमआयडीसीत आमचा पाइप फिटिंग्जचा छोटा कारखाना आहे. कपलर, एल्बो, टी असा माल. मागे एका परदेशी व्यापाऱ्याला थेट माल पाठवला आणि पैशांसाठी सात महिने फोन करत बसलो. म्हणून आफ्रिकेतल्या सिंचन प्रकल्पासाठी एका ठेकेदाराची ऑर्डर आली, तेव्हा आधी विचारलं, "पैसे देणार कोण?" तो म्हणाला, "एक्झिम बँकेची लाइन आहे, भाऊ."

एक्झिम म्हणजे निर्यात-आयात बँक, पूर्णपणे केंद्र सरकारची. १९८१ च्या कायद्याने स्थापन झाली, १९८२ पासून काम करतेय. लाइन ऑफ क्रेडिट म्हणजे ठरलेल्या रकमेपर्यंतचं कर्ज. ती ते देते परदेशी सरकारला, पण पैसा भारतातच राहतो. माल बोटीवर चढला, कागद बरोबर लागले, की इथल्या निर्यातदाराला बँक इथेच रक्कम देते. पुढची वसुली तिची आणि त्या सरकारची. बुडिताचा घोर निर्यातदाराला नाही. अट अशी, की साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायची. आमच्या दारात ऑर्डर आली ती या अटीमुळेच, आणि तिच्यासाठी मी या योजनेला मनापासून मानतो.

तपासणीला आलेल्या माणसाने तीन कपलर खोलले, आतली रबरी रिंग बोटांवर ताणली, सोडली, पुन्हा ताणली. मग खोक्यांवर शिक्के पडले.

उणीव एकच, पण आमच्यासारख्यांना ती फार लागते. बँक पैसे देते ते करार ज्याच्या नावावर त्याला. त्याच्या खालचे आम्ही तिच्या कागदावर नसतोच. छोट्या उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावं असा २००६ चा कायदा आहे. ठेकेदाराने आम्हाला ९४ व्या दिवशी दिले. मधला पगार मी सोनं गहाण ठेवून केला. अशा करारांत खालच्या पुरवठादाराचा हिस्सा थेट त्याच्या खात्यात जायला हवा.

रोजच्या खेळत्या भांडवलासाठी मात्र या बँकेकडे धावू नका. पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल पाठवण्याआधीचं कर्ज, आपल्या नेहमीच्या बँकेतूनच घ्या. थेट निर्यात करत असाल तर आधी ईसीजीसीची, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या विमा कंपनीची, पॉलिसी काढा, ती कंपनीही सरकारचीच. मी ती उशिरा काढली.

त्याच ठेकेदाराची दुसरी ऑर्डर आता हातात आहे. या वेळी पीओवर (खरेदी ऑर्डरवर) लिहून घेतलंय: बँकेची रक्कम जमा झाल्यापासून पंधरा दिवसांत आमचं बिल.