एका पुसट रेघेवर मला 'पॉझिटिव्ह' ठरवलं

जोखमीचा प्रसंग घडून चार महिने झाले होते. शेवटी धीर करून एका खासगी लॅबमध्ये एचआयव्हीची तपासणी केली. बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, वर द्रावण टाकलं आणि मला बाहेर बसवलं. आत बोलावलं तेव्हा तास उलटून गेला होता. पट्टी टेबलावर तशीच पडली होती. 'सी'समोर (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) ठसठशीत रेघ, 'टी'समोर (तपासणीचा निकाल सांगणारी) एक करडी, निरखून पाहिली तरच दिसणारी. अशी पट्टी किटवर दिलेल्या वेळेतच वाचायची असते, बहुतेक किटमध्ये पंधरा-वीस मिनिटांत. उशिरा पाहिली तर वाळताना खोटी रेघ उमटू शकते. मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"पॉझिटिव्ह आहे," लॅबवाला म्हणाला. मग आवाज खाली आणून, "घरी कळू द्यायचं नाही ना? मग दुसरीकडे दाखवू नका." ड्रॉवरमधून तीन बाटल्या निघाल्या. नव्वद दिवसांचा कोर्स, म्हणे त्यानं अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रथिनं, धुऊन निघतात. एका फायलीतले दोन जणांचे, कोर्सच्या 'आधीचे' आणि 'नंतरचे' रिपोर्टही दाखवले. मी साठवलेले सगळे पैसे भरले.

अकरा दिवस डोळ्याला डोळा लागला नाही. बाराव्या दिवशी समुपदेशन होतं अशा केंद्रात गेलो. तिथल्या ताईंनी माझा रिपोर्ट उलटसुलट पाहिला. किटचं नाव नाही, बॅच नंबर नाही, सही नाही. त्या म्हणाल्या, "रॅपिड टेस्ट ही चाळणी आहे. एकदा रिअॅक्टिव्ह, म्हणजे लागणीची खूण दाखवणारी, आली म्हणून निदान होत नाही, वेगवेगळ्या किटवर पुन्हा तपासावं लागतं." जागतिक आरोग्य संघटना तर लागोपाठ तीन तपासण्या रिअॅक्टिव्ह आल्यावरच पॉझिटिव्ह म्हणायला सांगते. माझं शिरेतून रक्त घेतलं, अँटिबॉडी आणि पी-२४ अँटिजेन (विषाणूचंच एक प्रथिन) दोन्ही शोधणारी एलायझा ही प्रयोगशाळेतली तपासणी केली. नॉन-रिअॅक्टिव्ह. या तपासणीचा विंडो पिरियड, म्हणजे लागण होऊनही ती तपासणीत न दिसण्याचा काळ, फार तर ४५ दिवसांचा, तो कधीच संपला होता.

घरी आल्यावर त्या माणसाचा डाव कळला आणि अंगावर काटा आला. एचआयव्हीच्या अँटिबॉडी तयार झाल्या की सहसा जन्मभर राहतात. एआरटीनं, म्हणजे एचआयव्हीवरच्या नेहमीच्या औषधांनी, विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला तरी अँटिबॉडीची तपासणी रिअॅक्टिव्हच येते. बाटलीतलं कुठलंही औषध त्या धुऊन काढत नाही. म्हणजे त्याचे 'बरे झालेले' लोक माझ्यासारखेच असणार, मुळात लागण न झालेले. तीन महिन्यांनी माझाही रिपोर्ट त्या फायलीत लागला असता.

पैसे परत मिळाले नाहीत, त्याचं मी सोडून दिलं. जीव तुटतो तो खरोखर लागण झालेल्यांसाठी. ती फाईल पाहून कुणी एआरटी थांबवली असेल, तर विषाणू पुन्हा वाढू लागतो. तुमच्या हातात अशा बाटल्या दिल्या असतील तर आजच शिरेतल्या रक्ताची तपासणी करून घ्या आणि चालू असलेली एआरटी एक दिवसही चुकवू नका.