कॅलिफोर्नियात सुपरचार्जर बसवलेली जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

सुपरचार्जर (इंजिनची ताकद वाढवणारं यंत्र) बसवलेली जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं मनात असेल तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. आम्हाला बॉनेटखालचा मंजुरीचा स्टिकर दाखवला, पावत्यांची जाडजूड फाइल दाखवली, ताजं स्मॉग सर्टिफिकेटही (गाडीच्या धुराची चाचणी पास झाल्याचा दाखला) दाखवलं. सगळं बघायला अगदी व्यवस्थित होतं आणि गाडी मात्र आतून गेलेली होती.

गाडी २०१३ ची सायन एफआर-एस. टोयोटानं २०१६ मध्ये सायन हा ब्रँड बंद केला आणि हीच गाडी पुढे टोयोटा ८६ म्हणून विकली. सुबारूची बीआरझेड ही तिची जुळी बहीण. दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, २०० हॉर्सपॉवर. घाटातल्या वळणांवर ही गाडी चालवण्यात जे सुख आहे ते तिच्या दुप्पट किमतीच्या गाड्यांतही मिळत नाही, पण सरळ रस्त्यावर दम थोडा कमी पडतो. म्हणून पुष्कळ लोक तिला सुपरचार्जर लावून घेतात. आमच्या गाडीलाही तो होता आणि त्यापोटी साध्या गाडीपेक्षा साडेतीन हजार डॉलर जास्त मोजले.

फसवणूक नेमकी कुठे झाली हे कळायला थोडं यंत्र समजून घ्यावं लागेल. सुपरचार्जर इंजिनच्याच बेल्टवर फिरतो आणि सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. त्याची पुली लहान केली की तो आणखी जोरात फिरतो, बूस्ट म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब वाढतो. या इंजिनचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, मुळातच १२.५:१ इतकं जास्त आहे. त्यावर मर्यादेबाहेर बूस्ट दिला तर आतलं मिश्रण नको तिथे आपोआप भडकतं, नॉकिंग होतं आणि पिस्टनवर रिंग बसतात त्या खाचांच्या कडा तुटतात. बाहेरून काहीही दिसत नाही. गाडी सुरू होते, धावते, खेचतेही.

म्हणूनच कार्ब, म्हणजे कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड, सुपरचार्जरच्या अशा किटला (संचाला) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर देतं तेव्हा ती मंजुरी ठरावीक गाड्यांना, ठरावीक पुलीला आणि ठरावीक ट्यूनला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, असते. त्या नंबरचा स्टिकर बॉनेटखाली लावतात. आमच्या गाडीवरचा स्टिकर खरा होता, किटची पावतीही खरी होती. विकणाऱ्यानं नंतर पुली लहान लावली आणि दुसरंच ट्यून टाकलं, स्टिकर तसाच राहू दिला. मेसेजमध्ये मला लिहिलं, 'किट कंपनीनं दिलं तसंच आहे, कधी हात लावलेला नाही.'

आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिन चालूच होतं. 'तुमच्यासाठी गरम करून ठेवलंय,' म्हणाला. किती अगत्य! गार इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जो आवाज आणि धूर दाखवतं तो आम्हाला दिसू नये, एवढ्यासाठीच ते होतं. मेकॅनिकला दाखवायचंय म्हटल्यावर त्यानंच जवळचं गॅरेज सुचवलं. दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार असल्याची घाई होतीच. तिथल्या माणसानं गाडी उचलून खालून टॉर्च मारला आणि 'एकदम तंदुरुस्त' असा शेरा दिला. पुली त्याच गॅरेजात बदलली होती, हे पुढे विकणाऱ्याच्याच जुन्या पोस्टमधून कळलं.

घरी आणल्यावर काही दिवसांतच चेक इंजिनचा दिवा लागला, ऑइल कमी व्हायला लागलं. आमच्या मेकॅनिकनं लीक-डाउन टेस्ट केली. यात सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती किती निसटते ते मोजतात. तीन सिलिंडरमध्ये गळती दहा टक्क्यांच्या आत होती, चौथ्यात ३८. मग त्यानं स्कॅनर लावला. बिघाडाचे नोंदलेले कोड पुसल्यापासून गाडी किती चालली हे गाडीचा कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. तो आकडा आणि आम्ही गाडी आणल्यापासूनचं अंतर यांत काही मैलांचाच फरक होता. म्हणजे आम्ही येण्याच्या जरा आधी त्यानं कोड पुसून टाकले होते. हा स्कॅनर वीस-पंचवीस डॉलरला मिळतो, खिशात मावतो. गाडी बघायला जाताना तो जवळ असू द्या आणि दिवा बंद आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

राहिलं स्मॉग सर्टिफिकेट, आणि माझा खरा संताप इथे आहे. १९ जुलै २०२१ पासून कॅलिफोर्नियाच्या स्मॉग चाचणीत गाडीतलं सॉफ्टवेअरही तपासतात. मंजुरी नसलेलं ट्यून असेल तर गाडी नापास होते. मग ही पास कशी झाली? स्मॉग चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर या सरकारी खात्याच्या साइटवर नंबरप्लेट टाकली की कुठल्याही गाडीचा स्मॉग इतिहास फुकट दिसतो. या गाडीचा पाहिला तर काही आठवड्यांपूर्वी ती एका ठिकाणी नापास झालेली, आणि मग दूरच्या एका गावात पास. एक तर चाचणीपुरतं मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं असेल, नाहीतर 'क्लीन प्लगिंग' झालं असेल. त्यात चाचणीची वायर दुसऱ्याच गाडीला किंवा यंत्राला जोडून या गाडीच्या नावावर निकाल काढतात. मी ब्युरोकडे तक्रार केली आहे.

'जशी आहे तशी विकली, आता माझा काही संबंध नाही,' हे त्याचं शेवटचं उत्तर. खाजगी व्यवहारात विकणाऱ्यावर वॉरंटीचं बंधन नसतं, हे खरं. पण धडधडीत खोटं सांगून विकण्याला 'जशी आहे तशी' हे शब्द संरक्षण देत नाहीत, आणि एवढ्या जुन्या गाडीचं वैध स्मॉग सर्टिफिकेट देणं इथे कायद्यानं विकणाऱ्याचीच जबाबदारी आहे. स्मॉल क्लेम्स कोर्टात (लहान रकमेच्या दाव्यांचं कोर्ट) २०२४ पासून एका व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत दावा करता येतो, वकील लागत नाही, चालतही नाही. इंजिन नव्यानं बांधायचा खर्च त्याच्या आत बसतो. दावा दाखल केला आहे; त्याचे मेसेज, लीक-डाउनचा अहवाल, पुलीचं माप घेतानाचे फोटो सगळं जोडलं आहे.

बे एरियात (सॅन फ्रान्सिस्को परिसरात) कुणी अशी गाडी बघायला जाणार असेल तर मला सांगा. विकणाऱ्याला आधीच बजावा की इंजिन गार हवं, आणि मेकॅनिक आपला आपण निवडा. लीक-डाउन करणाऱ्या माणसाचा पत्ता मी देईन, स्कॅनर घेऊन सोबतही येईन.