आटलेल्या स्पे नदीवर सॅमनसाठी एक दिवस : मार्गदर्शक सेवेचा अनुभव

स्कॉटलंडमधील ग्रँटाऊनजवळ, स्पे नदीवर सॅमन माशाच्या फ्लाय फिशिंगसाठी (पिसे-केसांच्या नकली आमिषाने, म्हणजे फ्लायने, केलेल्या गळाच्या मासेमारीसाठी) मी जुलैमध्ये एका दिवसाची मार्गदर्शक सेवा घेतली. तीन आठवडे पाऊस नव्हता, नदी पार रोडावली होती आणि एरवी पाण्याखाली असणारे गोटे काठाने उघडे पडले होते, त्यामुळे पैसे वाया जाणार अशी धास्ती होती.

नदीवरच्या वाटाड्याला इथे गिली म्हणतात. आमच्या गिलीने आदल्या संध्याकाळी फोन करून नऊऐवजी पहाटे पाचलाच बोलावले आणि पोहोचल्यावर रॉड हाती देण्याआधी दोरीला बांधलेला तापमापक सावलीतल्या वाहत्या पाण्यात सोडला. तापमान साडेपंधरा अंश होते. पाणी तापते तसा त्यातला प्राणवायू घटतो: दहा अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम असणारा प्राणवायू वीस अंशांना ९ मिलिग्रॅमपर्यंत उतरतो, आणि गळाशी झुंजून दमलेल्या माशाला नेमका तेव्हाच तो अधिक लागतो. म्हणूनच गरम पाण्यात अलगद सोडलेला मासाही पुढे दगावू शकतो.

खालच्या संथ डोहात सॅमन उसळ्या मारत होते, पण तिकडे वेळ न दवडता त्याने आम्हाला डोहाच्या तोंडाशी, जिथे पाणी गोट्यांवरून फेसाळत उतरते तिथे, काठापासून मागे वाकून उभे केले. तरंगती लाइन, लांब व बारीक लीडर (लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा दोरा) आणि टोकाला करंगळीच्या नखाएवढी, चौदा नंबरची काळी स्टोट्स टेल फ्लाय. नितळ, उथळ पाण्यात मोठी फ्लाय पाहून मासा बुजतो, हे त्याने दोन्ही फ्लाय पाण्यात शेजारी धरून दाखवले. साडेसहाला दोनेक किलोचा ग्रिल्स, म्हणजे समुद्रात एकच हिवाळा काढून परतलेला सॅमन, गळाला लागला. त्याला पाण्याबाहेर न काढता, जाळीतच प्रवाहाकडे तोंड करून धरले. कल्ल्यांची उघडझाप संथ झाली आणि शेपटीचा एक फटकारा देऊन तो स्वतःच निघून गेला.

साडेदहाला तापमान एकोणीस अंश भरले, तेव्हा त्याने मासेमारी थांबवली. ग्रेट ब्रिटनमधील अटलांटिक सॅमन २०२३ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे, हे लक्षात घेता हा निर्णय मला या सेवेचा सर्वांत मोठा गुण वाटतो. उरलेल्या अर्ध्या दिवसाचे शुल्क त्याने आपणहून सप्टेंबरच्या तारखेसाठी जमा धरले.

तक्रारी दोन आहेत. तापमान वाढल्यास दिवस अर्ध्यावर थांबेल, ही अट आरक्षण करताना कुठेही सांगितलेली नव्हती. लांबून, सुट्टी काढून येणाऱ्याला ती आधी कळायलाच हवी. दुसरे म्हणजे, भाड्याने दिलेल्या बुटांचे तळवे इतके झिजलेले होते की शेवाळलेल्या गोट्यांवरून मी दोनदा घसरलो. सप्टेंबरमध्ये मी जाणार आहे, पण बूट स्वतःचे घेऊन.