गच्चीवरची डांबरी शीट: एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर

मागच्या मे महिन्यात शीट बसवली. त्यानंतर रत्नागिरीचा अख्खा पावसाळा झाला, उन्हाळाही झाला, म्हणून आता लिहिते. माझं मत असं की ४ मिमीची एपीपी मेम्ब्रेन (प्लास्टिक मिसळलेल्या डांबराची शीट) चांगली आहे, पण आमची गळती थांबली ती कडांच्या कामामुळे. दुकानात मात्र सगळी चर्चा जाडीची आणि कंपनीची होते. कठड्यापाशी शीट कशी संपवणार, हे कुणी आपणहून सांगत नाही.

आमचं घर जांभ्याचं. वर आरसीसी स्लॅब, त्यावर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा उताराचा थर, आणि कोब्यावर जुना डांबरी फेल्ट, म्हणजे आधीची डांबरी शीट. ओल दिसायची ती हॉलच्या मधोमध, पंख्याच्या हुकाभोवती. (पंख्याजवळ ओल दिसली तर आधी त्या खोलीचा एमसीबी पाडा, बाकीचं नंतर.) आलेल्या प्रत्येक मिस्त्रीने वर जाऊन बरोबर त्या डागाच्या वरची जागा शोधली आणि तिथे बोट ठेवलं. "ताई, इथे एक थर मारून देतो, दोन-तीन वर्षं बघायला नको." त्या जागेवर फेल्ट धडधाकट होता.

पाणी सरळ खाली येत नाही. ते फेल्टखाली शिरतं, कोब्यातून उताराकडे सरकतं, स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपात उतरतं आणि पाइप जिथे उघडतो तिथे, म्हणजे पंख्याच्या पॉइंटला, बाहेर पडतं. त्यामुळे डाग बघून गळतीची जागा ठरवण्यात अर्थ नव्हता.

पहिला संशय टाकीवर होता, कारण ती गच्चीवरच आहे. पण टाकी बारा महिने भरलेली असते आणि डाग मात्र मार्चपर्यंत खडखडीत वाळायचा. टाकी सुटली. मग गच्चीचे भाग पाडले. सिमेंट-वाळूचे छोटे बांध घातले, एका भागात दोन इंच पाणी भरलं, दोन दिवस ठेवलं आणि मगच पुढचा भाग घेतला. एवढ्या पाण्याचं वजन दर चौरस मीटरला ५० किलोच्या आसपास जातं, तेव्हा स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या असतील तर हे करू नका, आधी इंजिनिअरला दाखवा. जिन्याकडच्या भागाने काही केलं नाही. पावसाळी पाइपाच्या तोंडाकडचा भाग भरला आणि दुसऱ्या दिवशी पंख्याभोवती ओल उमटली. पंख्यापासून ती जागा चांगली दहा-बारा फूट लांब.

त्या कोपऱ्यात फेल्टची खरी अवस्था कळली. कठड्यावर चढवलेली पट्टी वरच्या टोकाला सुटून पुढे आली होती. मूळ कामात कठड्याला खाच मारलेलीच नव्हती, पट्टी नुसती गिलाव्यावर चिकटवलेली. भिंतीवरून उतरणारं पाणी थेट तिच्या मागे जात होतं. दोन पट्ट्यांच्या जोडात पुट्टीची पात सहज आत सरकली. एक फुगा कापला, तर आत पाणी. कापलेला तुकडा दुमडून पाहिला तर पापडासारखा मोडला. उन्हाने आणि हवेने डांबरातली तेलं उडून जातात, ते कडक होत जातं. मग दुपारच्या तापण्याबरोबर आणि रात्रीच्या गार होण्याबरोबर ताणायला त्याच्यात लवचीकपणा उरत नाही, आणि आधी जोड आणि वळणं फाटतात. सपाट भाग सर्वांत शेवटी जातो.

जुन्या फेल्टवरच नवी शीट चिकटवावी, असं दोघांनी सुचवलं. स्वस्त पडलं असतं. पण खालचा कोबा ओला होता. वरून झाकला की उन्हात त्याच पाण्याची वाफ होते आणि नव्या शीटला फुगे येतात. म्हणून जुनं सगळं खरवडून काढलं, कोबा वाळू दिला. हे काम आगोटीच्या घाईत, जूनच्या तोंडावर काढू नका. एप्रिलमध्ये सुरू करा.

खर्चाबद्दल एक गोष्ट. रोल १ मीटर रुंद आणि १० मीटर लांब, म्हणजे सुमारे १०७ चौरस फूट. बाजूच्या जोडात १० सेंमी आणि टोकाला १५ सेंमी शीट एकमेकींवर येते, म्हणून प्रत्यक्षात झाकलं जातं ९५ चौरस फुटांच्या आसपास. कठड्यावरची उभी पट्टी वेगळीच. दर ठरवताना मोजणी झाकलेल्या जागेची की वापरलेल्या शीटची, हे लिहून घ्या. आमच्याकडे आलेल्या कोटेशनांमधला निम्मा फरक इथेच होता.

काम चालू असताना मी तीनच गोष्टींवर लक्ष ठेवलं. जमीन आणि कठडा मिळतात तिथे सिमेंटचा गोल वाटा, म्हणजे कोपरा भरून केलेली गोलाई, हवा; काटकोनात शीट वळवली की ती तिथेच चिरते. गॅसच्या टॉर्चने जोड तापवून दाबल्यावर कडेने वितळलेल्या डांबराची बारीक रेघ बाहेर आली पाहिजे. जिथे आली नाही तिथे परत करून घेतलं. आणि उभ्या पट्टीचं वरचं टोक कठड्याच्या खाचेत जाऊन बंद व्हायला हवं. खाच मारायला कारागीर कुरकुरले, धूळ उडते म्हणून. मारली.

पावसाळ्यात हॉल कोरडा राहिला, ऑगस्टच्या झडीतही. जिन्याच्या खोलीत मात्र पश्चिमेच्या भिंतीवर ओल आली आणि आई लगेच म्हणाली, "बघ, तुझी शीट गळली. शेडच घालायला हवी होती." पण ती ओल फक्त वारा असलेल्या पावसात यायची, सरळ धो-धो पावसात नाही आणि पाणी भरून पाहिलं तेव्हाही नाही. म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या गिलाव्याला तडा. तो भरला, विषय मिटला. शेडचा विषय अजून मिटलेला नाही.

आता तक्रारी. आमची शीट करड्या खड्यांची आहे. पहिल्या पावसात सुटे खडे वाहून पाइपाच्या जाळीवर साचले, ते काढत राहावं लागलं. मेच्या दुपारी शीट मऊ पडते, खुर्चीचे पाय रुततात. डांबराचा वास पहिले काही महिने होता. खालच्या खोलीतला उकाडा काडीचाही कमी झाला नाही. कुणी तसं सांगून विकत असेल तर विश्वास ठेवू नका. आमसुलं, साटं वाळत घालायची तर खाली बाज टाकावी लागते, शीटवर थेट काही घालवत नाही. माकडांनी शीटला काही केलं नाही, जाळी मात्र दोनदा उचकटून फेकली. आणि डिश बसवायला आलेल्या मुलाने थेट शीटवर ड्रिल टेकवलं होतं. मी वर होते म्हणून निभावलं. डिश आता कठड्याच्या बाहेरच्या अंगाला आहे.

वॉरंटीचा कागद दहा वर्षांचा आहे, पण तो फक्त मालाचा, कामाचा नाही. खाचेतलं सीलंट एका ठिकाणी आक्रसलेलं दिसतंय. पाऊस लागायच्या आत तेवढं भरून घेणार आहे.