जिंजाची एकात एक बसणारी टेम्प्लेट : सोलापुरी मालाच्या संकेतस्थळांवरून केलेले परीक्षण

सोलापुरातील चादर आणि टॉवेलच्या व्यावसायिकांची संकेतस्थळे बांधताना आम्ही पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील फ्लास्क या संकेतस्थळे बांधण्याच्या साधनासोबत जिंजा ही टेम्प्लेट प्रणाली, म्हणजे पानांचे साचे बनवणारी प्रणाली, वापरतो. आर्मिन रोनाखर यांनी लिहिलेल्या या प्रणालीची दुसरी आवृत्ती २००८ मध्ये आली. ती बीएसडी परवान्याखाली मोफत मिळते, त्यामुळे किमतीविषयी लिहिण्यासारखे काही नाही. येथे परीक्षण केले आहे ते तिच्या मुख्य सोयीचे, म्हणजे एका टेम्प्लेटने दुसऱ्याचा आणि दुसऱ्याने तिसऱ्याचा आधार घेण्याचे.

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या संकेतस्थळाची रचना तीन पातळ्यांची आहे. मूळ टेम्प्लेटमध्ये शीर्षपट्टी, मेनू, पत्ता आणि जीएसटी क्रमांक आहेत. त्यावर आधारलेल्या मधल्या टेम्प्लेटमध्ये चादर, टॉवेल, नॅपकिन अशा विभागांची यादी आणि दरांसाठी राखलेली जागा आहे. तर प्रत्येक मालाच्या पानात माप, सूत, रंग आणि डझनाचा दर एवढाच मजकूर उरतो. पानाच्या सुरुवातीला ‘एक्स्टेंड्स’ लिहून आधाराचे टेम्प्लेट सांगायचे आणि बदलायचे तेवढेच ‘ब्लॉक’, म्हणजे साच्यातल्या नाव दिलेल्या जागा, भरायचे, इतके हे सोपे आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेमुळे माल उशिरा रवाना होईल, ही सूचना मूळ टेम्प्लेटमध्ये एकदा लिहिली की सर्व पानांवर दिसते, आणि घाऊक चौकशीच्या विभागात ती नको असल्यास त्या विभागाच्या टेम्प्लेटमध्ये तोच ब्लॉक रिकामा ठेवला की काम भागते. आधीचा मजकूर कायम ठेवून त्यात भर घालायची असेल तर ‘सुपर’ आहे, आणि ‘सुपर.सुपर’ असे लिहून मधली पातळी ओलांडून थेट मूळ टेम्प्लेटमधला मजकूरही घेता येतो. ही शेवटची सोय क्वचितच लागते, आणि वारंवार लागू लागली तर मधल्या टेम्प्लेटची मांडणीच तपासावी, असे माझे मत आहे.

या प्रणालीचा खरा दोष म्हणजे तिचे मौन. मधल्या टेम्प्लेटमध्ये ब्लॉकचे नाव ‘रेट’ आहे आणि पानात कोणी ‘रेट्स’ लिहिले, तर जिंजा काहीही तक्रार करत नाही. पान उघडते, दरांचा तक्ता मात्र गायब होतो आणि त्या जागी मधल्या टेम्प्लेटमधले ‘दरासाठी संपर्क साधा’ हे ठरावीक वाक्य दिसते. पाहणाऱ्याला ते मुद्दाम लिहिल्यासारखेच वाटते, म्हणून चूक लवकर ध्यानात येत नाही. २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत ब्लॉकला ‘रिक्वायर्ड’ हा शब्द जोडण्याची सोय झाली. असा ब्लॉक पुढच्या कोणत्याच पातळीवर भरला गेला नाही तर पान तयार होण्याऐवजी त्रुटी येते. मात्र अशा ब्लॉकमध्ये मोकळी जागा किंवा टिप्पणी याखेरीज काहीही लिहिता येत नाही, म्हणजे ठरावीक वाक्य आणि सक्ती यांपैकी एकाचीच निवड करावी लागते. दरांच्या बाबतीत आम्ही सक्ती निवडली. त्याचप्रमाणे नाव चुकलेले चल (पायथनकडून आलेले मूल्य ज्या नावाने छापायचे ते) मुळात कोऱ्या मजकुरासारखे छापले जाते. विकासाच्या काळात ‘स्ट्रिक्ट अनडिफाइन्ड’ हा अशा चलावर त्रुटी देणारा पर्याय लावून ठेवल्यास ही पंचाईत टळते.

आणखी दोन बाबी नव्या माणसाला अडवतात. मालाच्या यादीतील प्रत्येक नोंदीसाठी चालणाऱ्या फेऱ्यात (लूपमध्ये) ब्लॉक ठेवला तर फेऱ्यातले चल त्याला दिसत नाही, त्यासाठी ‘स्कोप्ड’ असे स्पष्ट लिहावे लागते. तसेच ‘इन्क्लूड’ने दुसऱ्या फाइलीतून आणलेल्या तुकड्यातला ब्लॉक पानातून बदलता येत नाही, कारण तो तुकडा वारशाच्या, म्हणजे टेम्प्लेटने टेम्प्लेटचा आधार घेण्याच्या, साखळीत भाग घेत नाही. दुसऱ्या बाजूने, त्रुटी आली की ती टेम्प्लेटमधल्या नेमक्या ओळीसह दाखवली जाते, आणि तीन फाइली एकमेकींवर रचलेल्या असताना याचे मोल फार वाटते.

जँगो या पायथनमधील दुसऱ्या साधनाच्या टेम्प्लेटमध्येही वारशाची हीच पद्धत आहे, आणि जँगो वापरणाऱ्याने केवळ यासाठी जिंजाकडे वळण्याचे कारण नाही. टेम्प्लेटमधून फंक्शनला थेट मूल्ये देण्याची मुभा मात्र जिंजात आहे, आणि डझनाच्या दरावरून गठ्ठ्याचा दर दाखवताना ती सोयीची पडते. अर्थात हिशेबाचे मोठे काम टेम्प्लेटबाहेरच ठेवलेले बरे. चौथी पातळी वाढवण्याचा मोह टाळावा, असेही सुचवतो: एखादा मजकूर कोठून आला हे शोधण्यासाठी चार फाइली उघडाव्या लागल्या, तर वाचवलेले श्रम तेथेच खर्ची पडतात.

फ्लास्क एचटीएमएल टेम्प्लेटसाठी मजकुरातील धोकादायक चिन्हे (ब्राउझर ज्यांना पानाचा कोड समजू शकेल अशी) आपोआप निष्प्रभ करतो, पण नुसते जिंजा वापरले तर ही दक्षता मुळात बंद असते. मागणीची पोच देणारी ईमेल वेगळ्या स्क्रिप्टमधून याच टेम्प्लेटवर तयार होत असेल, तर ग्राहकाने भरलेले नाव आणि पत्ता त्यात जसेच्या तसे उतरतात, म्हणून त्या स्क्रिप्टमध्ये ‘ऑटोएस्केप’, म्हणजे हीच दक्षता, चालू केल्याशिवाय ती वापरात आणू नये.